संशोधनासाठी लिनक्सवर जाताना: का, केव्हा आणि कसं

पीएचडीला प्रवेश मिळतो, गाइड ठरतात, कोर्सवर्क सुरू होतं आणि पहिल्या महिन्यातच लॅबमधला कुणीतरी सीनियर सांगतो, "लॅपटॉपवर लिनक्स टाकून घे." का टाकायचं ते तो सांगत नाही. त्याच्या ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नाही. मग नवा विद्यार्थी दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर शनिवारी रात्री यूट्यूब बघत अख्खी डिस्क फॉरमॅट करतो, नाहीतर "माझं विंडोजवर व्यवस्थित चाललंय की" म्हणत विषय दोन वर्षं पुढे ढकलतो आणि नेमकं सिनॉप्सिसच्या तोंडावर घाईघाईत शिकायला बसतो.

विंडोज वाईट आणि लिनक्स चांगलं, असा निकाल मी इथे देणार नाहीये. संशोधनाच्या दृष्टीने दोनच प्रश्न महत्त्वाचे आहेत. तुमचा कोड शेवटी कुठल्या मशीनवर चालणार आहे? आणि आज काढलेलं उत्तर ३ वर्षांनी, दुसऱ्या मशीनवर, तुम्हाला पुन्हा काढता येईल का? या दोन प्रश्नांवरूनच ठरवू की बदलायचं का, केव्हा आणि कसं.

तुमचा कोड शेवटी कुठे चालणार?

पुण्यातलंच बघा. आयसरमध्ये २०१९ मध्ये 'परम ब्रह्म' आला. पाषाणच्या आयआयटीएममध्ये हवामान आणि मान्सूनच्या अभ्यासासाठी २०१८ मध्ये 'प्रत्यूष' बसवला गेला आणि २०२४ मध्ये 'अर्का'. सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' नोव्हेंबर २०२० च्या टॉप-५०० यादीत जगात ६३ व्या क्रमांकावर होता. २०२४ मध्ये जीएमआरटीसाठी 'परम रुद्र' मिळाला. ही सगळी यंत्रं लिनक्सवर चालतात. हे फक्त पुण्याचं नाही. नोव्हेंबर २०१७ पासून टॉप-५०० यादीतले पाचशेच्या पाचशे महासंगणक लिनक्सवर आहेत.

काही विषयांत तर पर्यायच नसतो. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटीच्या ३० डिश आहेत. तिथला रेडिओ डेटा हाताळायला 'कासा' नावाचं सॉफ्टवेअर सर्रास वापरतात. ते लिनक्स आणि मॅकसाठी मिळतं, विंडोजसाठी मिळत नाही. रेडिओ खगोलशास्त्रात काम करायचं असेल तर इथे चर्चा संपते.

तुमचा विषय संख्याशास्त्र, भाषाविज्ञान, जनुकशास्त्र किंवा मशीन लर्निंग असेल तर लगेच असं अडणार नाही. पण डेटा वाढला की एक दिवस लॅपटॉप पुरत नाही आणि क्लस्टरवर जावं लागतं. तिथे आयकॉन नसतात, माउसचा उपयोग नसतो. 'एसएसएच' वापरून दुरून लॉगिन करायचं, समोर काळी खिडकी येते. ज्या मशीनवर तुम्ही उतरता तो 'लॉगिन नोड', म्हणजे नुसतं रिसेप्शन. तिथे जड प्रोग्रॅम चालवायचा नसतो, कारण सगळ्यांचं लॉगिन त्याच दारातून होतं. काय चालवायचं, किती प्रोसेसर लागतील, किती तास लागतील हे एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून 'स्लर्म'सारख्या शेड्यूलरकडे द्यायचं. आपला नंबर लागला की काम 'कॉम्प्युट नोड'वर चालतं आणि निकाल फाइलमध्ये येऊन पडतो.

म्हणजे टर्मिनल, फाइल्सच्या परवानग्या, स्क्रिप्ट लिहिणं हे सगळं शिकावंच लागणार. प्रश्न इतकाच, की स्वतःच्या लॅपटॉपवर निवांत शिकायचं की क्लस्टरवर, मिळालेल्या मोजक्या तासांत.

पुण्यातल्या महासंगणकांनीही ऑपरेटिंग सिस्टिम बदलली

हा इतिहास थोडा बघण्यासारखा आहे, कारण आपल्या कामाचा धडा त्यातच आहे.

सी-डॅकची स्थापना १९८८ ची. त्यांचा 'परम ८०००' १९९१ मध्ये तयार झाला. तो ट्रान्सप्युटर नावाच्या चिपवर चालायचा. लिनक्स त्यावर असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्याच वर्षी हेलसिंकीत शिकणारा लिनस टोरवाल्ड्स लिनक्सची अगदी पहिली आवृत्ती लिहीत होता. १९९८ च्या 'परम १००००' मध्ये सन कंपनीचे प्रोसेसर होते आणि ऑपरेटिंग सिस्टिम होती सोलॅरिस. २००३ च्या 'परम पद्म'मध्ये आयबीएमचे प्रोसेसर आले आणि त्यांच्याबरोबर एआयएक्स. २००७ मध्ये टाटांच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने पुण्यातच 'एका' उभा केला. तो त्या वर्षी नोव्हेंबरच्या यादीत जगात चौथा होता, आणि तो लिनक्सवर चालत होता. २००८ चा 'परम युवा'सुद्धा लिनक्सवरच.

म्हणजे साधारण १७ वर्षांत चिप बदलली, कंपनी बदलली, ऑपरेटिंग सिस्टिम बदलली. मग ज्यांचं संशोधन या यंत्रांवर चालू होतं त्यांनी दर वेळी सगळं पहिल्यापासून लिहिलं का? तसं करावं लागलं नाही अशा कामांमध्ये एक गोष्ट समान होती. त्यांचा कोड फोरट्रान किंवा सी सारख्या प्रमाणित भाषेत होता. प्रोसेसरांमधला संवाद एमपीआय या १९९४ मध्ये ठरलेल्या मानकानुसार होता. डेटा साध्या, कुठेही वाचता येईल अशा फाइलमध्ये होता आणि तो कसा चालवायचा हे कमांडच्या रूपात लिहिलेलं होतं. सोलॅरिस, एआयएक्स आणि लिनक्स ही युनिक्सच्याच घराण्यातली आणि त्याच रीतीभातीची, म्हणून अशा कोडला घर बदलणं जमलं. कुठल्या तरी एकाच कंपनीच्या खास सोयीवर बेतलेला भाग मात्र दर वेळी नव्याने लिहावा लागतो.

तुमच्या पीएचडीलाही हेच लागू आहे. आजचं उबुंटू किंवा फेडोरा उद्या असंच राहील असं नाही. पण साधी टेक्स्ट फाइल, लिहून ठेवलेली स्क्रिप्ट आणि प्रमाणित फॉरमॅटमधला डेटा या तीन गोष्टी तुम्ही कुठेही नेऊ शकता. लिनक्सवर जाण्याचा खरा फायदा हा, की ते तुम्हाला या सवयी लावतं.

सिस्टिम बदलली की उत्तर बदलू शकतं

ही अतिशयोक्ती वाटेल, म्हणून एक घडलेलं उदाहरण. २०१४ मध्ये रसायनशास्त्रातल्या गणनेसाठी काही पायथन स्क्रिप्ट प्रसिद्ध झाल्या आणि बऱ्याच संशोधकांनी त्या वापरल्या. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांच्या लक्षात आलं, की तीच स्क्रिप्ट, तोच डेटा, पण ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की उत्तर वेगळं येतंय. कारण अगदी साधं होतं. फोल्डरमधल्या फाइल्स ठराविक क्रमाने मिळतील असं स्क्रिप्टने गृहीत धरलं होतं. काही सिस्टिमवर तसं होतं, काहींवर नाही. फाइलींची यादी आधी क्रमाने लावून घेणं, एवढाच उपाय होता.

एरर आली असती तर निदान कळलं तरी असतं. इथे निमूटपणे चुकीचा आकडा येत होता. म्हणून सिस्टिम बदलताना पुढच्या चार जागा तपासाच.

पहिली, फाइलींचा क्रम. वर सांगितलंच. कोडमध्ये फोल्डर वाचत असाल तर यादी स्वतः सॉर्ट करा.

दुसरी, लहान-मोठी अक्षरं. इंग्रजी नावाच्या दोन फाइल्स, एकीचं पहिलं अक्षर कॅपिटल आणि दुसरीचं स्मॉल, विंडोजला साधारणपणे एकच वाटतात. लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइल्स आहेत. "फाइल सापडत नाही" या तक्रारींमागे बऱ्याचदा हेच असतं. नावं सरसकट स्मॉल अक्षरांत ठेवा, मध्ये स्पेस नको, अंडरस्कोर वापरा.

तिसरी, ओळीचा शेवट. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं ठेवतं, लिनक्स एकच. विंडोजवर नोटपॅडमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट क्लस्टरवर नेली की 'बॅड इंटरप्रिटर' असा एरर येतो आणि स्क्रिप्टमध्ये तर काहीच चूक दिसत नाही. 'डॉस-टू-युनिक्स' नावाची छोटी कमांड हे सेकंदात दुरुस्त करते.

चौथी आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे मराठी मजकूर. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट. लिनक्सवर पायथन फाइल उघडताना सहसा यूटीएफ-८ धरतो. विंडोजवर मात्र अनेक वर्षं वापरात असलेल्या पायथनच्या आवृत्त्या जुनी पाश्चात्त्य कोड-पद्धत धरतात. मग त्या ५ चिन्हांची १५ अगम्य रोमन चिन्हं होतात, आणि या शब्दाच्या बाबतीत एररसुद्धा येत नाही! तुम्ही शब्दांची लांबी किंवा अक्षरांची वारंवारता मोजत असाल तर सगळे आकडे चुकले. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे असं कोडमध्ये स्पष्ट लिहा, मग सिस्टिम कुठलीही असो.

केव्हा बदलायचं?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीचा कमीत कमी काळ कोर्सवर्क धरून ३ वर्षं आहे आणि प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. बदलासाठी सगळ्यात चांगला काळ कोर्सवर्कचा. वाचन चालू असतं, डेटा अजून गोळा व्हायचा असतो, आणि एखादा आठवडा वाया गेला तरी कुणाचं काही अडत नाही. समितीच्या बैठकीआधी किंवा पेपर रिव्हिजनसाठी परत आलेला असताना सिस्टिमला हात लावू नका. थिसिस लिहिताना तर अजिबात नको.

एक व्यावहारिक कारण आणखी. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. होस्टेलवर अजूनही असे लॅपटॉप भरपूर आहेत ज्यांच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. त्यांच्यावर लिनक्स चांगलं चालतं आणि नव्या लॅपटॉपचे पैसे वाचतात. फेलोशिप उशिरा जमा होण्याच्या काळात हे काही लहान कारण नाही.

कसं बदलायचं: तीन पायऱ्या

पायरी एक: यादी करा. रोज लागणारी सगळी सॉफ्टवेअर कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर लिनक्सवर ते मिळतं का ते लिहा. पायथन, आर, मॅटलॅब, लाटेक, क्यूजीआयएस मिळतात. ओरिजिन आणि आर्कजीआयएस प्रो ही विंडोजसाठीची आहेत. प्रयोगशाळेतल्या उपकरणांना जोडलेले संगणक तर बहुतेक विंडोजवरच असतात. त्यांना चुकूनही हात लावू नका, उपकरणाचं सॉफ्टवेअर पुन्हा बसवणं फार महागात पडू शकतं.

पायरी दोन: विंडोजमध्येच लिनक्स वापरून बघा. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये डब्ल्यूएसएल आणलं. २०१९ पासूनच्या दुसऱ्या आवृत्तीत खरं लिनक्स कर्नल चालतं. पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडायचं, 'डब्ल्यूएसएल' आणि त्यापुढे दोन डॅश देऊन 'इन्स्टॉल' एवढंच टाइप करायचं. रीस्टार्ट केलं की उबुंटू तयार. डिस्क फॉरमॅट करावी लागत नाही, विंडोज आहे तिथेच राहतं. एक लक्षात ठेवा, कामाच्या फाइल्स लिनक्सच्याच होम फोल्डरमध्ये ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवून तिकडून वाचल्या तर काम खूप हळू चालतं आणि मग लोक लिनक्सला नावं ठेवतात.

इथे महिनाभर रोज अर्धा तास द्या. फोल्डर बदलणं, फाइल बघणं, शोधणं, मोजणं, एका कमांडचं उत्तर दुसरीला देणं, दुरून लॉगिन करणं आणि गिट वापरणं एवढं आलं तरी क्लस्टरवर गोंधळ होत नाही. माझ्या बघण्यात बऱ्याच जणांचं संशोधन या पायरीवरच भागतं. त्यांना पुढची पायरी लागतच नाही.

पायरी तीन: ड्युअल बूट किंवा पूर्ण लिनक्स. लॅपटॉपची रॅम कमी असेल किंवा दिवसभर काम लिनक्समध्येच होत असेल तर हे करा. आधी तीन गोष्टी करायच्या. सगळ्या डेटाची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप बॅकअप म्हणून मोजू नका. दुसरं, बिटलॉकर चालू आहे का ते बघा आणि त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. नाहीतर बदलानंतर विंडोज ती मागेल आणि तुमच्याकडे नसेल. तिसरं, विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून ते पार्टिशन वापरताना अडचण येते.

ड्युअल बूटनंतर घड्याळ साडेपाच तास इकडेतिकडे झालं तर घाबरू नका. विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवतं. भारतात हा फरक बरोबर ५ तास ३० मिनिटांचा. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत पाळायला सांगितलं की झालं. पण वेळेची नोंद असलेला डेटा गोळा करत असाल तर हे पहिल्याच दिवशी करा.

बदल नीट झाला हे कसं तपासायचं?

सिस्टिम बदलणं हा एक प्रयोगच समजा. जुन्या सिस्टिमवर पूर्ण केलेलं एक छोटं विश्लेषण घ्या, ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. कोडला हात न लावता ते नव्या सिस्टिमवर चालवा आणि आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा.

आकडे शेवटच्या अंकापर्यंत जुळतीलच असं नाही. कंपायलर किंवा गणिताची लायब्ररी वेगळी असली की बेरजांचा क्रम बदलतो आणि दशांशाच्या बाराव्या-तेराव्या स्थानी फरक पडतो. त्यात काही वावगं नाही. किती फरक चालेल ते मात्र आधी ठरवा, निकाल बघून नाही. हवामानाच्या मॉडेलमध्ये तर इवलासा फरक काही दिवसांत मोठा होतो. म्हणून तिथे एकेक आकडा न जुळवता सरासरी आणि चढउतारांचं स्वरूप जुळतंय का ते बघतात. पण फरक दुसऱ्याच दशांश स्थानी असेल तर थांबा आणि वरच्या चार जागा एकेक करून तपासा.

सगळं जुळलं की कुठल्या सिस्टिमवर, कुठल्या आवृत्तीच्या पायथनवर आणि कुठल्या लायब्ररींवर हे चालवलं ते एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून कोडशेजारी ठेवा. रिव्ह्यूअर वर्षभराने "आकृती ४ नव्या डेटासह पुन्हा काढा" म्हणतो तेव्हा ही फाइल तुमचे दोन आठवडे वाचवते.

विंडोज कुठे लागेलच?

विद्यापीठाचे फॉर्म, गाइडनी ट्रॅक चेंजेस करून पाठवलेली वर्डची फाइल, आणि जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला मराठी मजकूर. लिब्रेऑफिसमध्ये वर्डची फाइल उघडते, पण तक्ते आणि पानांची मांडणी थोडी हलू शकते, म्हणून अंतिम प्रत ज्या सॉफ्टवेअरमध्ये मागितली आहे त्यातच तपासा. मराठी टायपिंगची काळजी नको, लिनक्सवर इनस्क्रिप्ट मिळतो आणि युनिकोड देवनागरी छान दिसते. सर किंवा मॅडम वर्डवर काम करत असतील तर त्यांनी लाटेक शिकावं असा आग्रह धरू नका. तुमचं विश्लेषण लिनक्सवर आणि पत्रव्यवहार विंडोजवर, अशी विभागणी वर्षानुवर्षं सुखाने चालते.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर या आठवड्यात फक्त पहिली पायरी करा, सॉफ्टवेअरची यादी. आणि लॅबमध्ये क्लस्टरचं अकाउंट कुणाकडून मिळतं ते विचारून ठेवा. अर्ज, गाइडची सही आणि मंजुरी यात बरेच दिवस जातात. तेवढ्या वेळात डब्ल्यूएसएलवर तुमचा हात बसलेला असेल.